‘हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे’ : वाचकांचे प्रश्न

बँक, विमा कंपनी, शेअर दलाल किंवा गॅसची एजन्सी यांना फोन लावला की पहिल्या काही सेकंदांत हे वाक्य कानी पडते आणि आपण पुढचे बटण दाबून मोकळे होतो. त्या वाक्यामागे प्रत्यक्षात काय घडते, असे विचारणारी बरीच पत्रे आली आहेत. मुंबई-पुण्यातल्या कार्यालयांत रेकॉर्डिंगच्या यंत्रणा बसवण्यात आणि त्या बिघडल्यावर दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे या पत्रांना सविस्तर उत्तरे द्यावीत, असे मनापासून वाटले.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. पेन्शनच्या खात्यासंबंधी मी बँकेच्या ग्राहक सेवा केंद्राशी बोलते, तेव्हा माझे बोलणे नेमके कोण आणि कुठे टिपून घेते? समोरच्या मुलीने बटण दाबले तरच ते रेकॉर्ड होते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : समोरच्या मुलीच्या हातात बहुधा काहीच नसते. रेकॉर्डिंग सुरू करणे, थांबवणे किंवा पुसणे ही कामे तिच्यावर सोपवली, तर रागावलेल्या ग्राहकाचा कॉल कधीच सापडणार नाही, हे या धंद्यातल्या सर्वांना ठाऊक असते. म्हणून आवाजाची प्रत घेणारा रेकॉर्डर हा वेगळा संगणक असतो आणि तो बोलणाऱ्या दोघांच्याही नकळत वाटेत उभा असतो.

तुमचा आवाज त्या इमारतीत पोहोचेपर्यंत त्याचे आकडे झालेले असतात. दूरध्वनीच्या जुन्या आणि आजही सर्रास वापरल्या जाणाऱ्या जी.७११ या पद्धतीत आवाजाचे एका सेकंदात ८,००० वेळा मोजमाप घेतले जाते आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहिले जाते, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट होतात. इंटरनेटच्या तारेवरून जाताना या आकड्यांची साधारणपणे २० मिलिसेकंदांची एकेक पुडी, म्हणजे पॅकेट, बांधली जाते. तुम्ही ‘नमस्कार’ म्हणेपर्यंत अशा तीसेक पुड्या तुमच्याकडून निघून गेलेल्या असतात. रेकॉर्डरचे काम इतकेच, की या पुड्यांची दुसरी प्रत मिळवायची, त्या क्रमांकानुसार लावायच्या आणि फाइलमध्ये भरायच्या.

प्रत मिळवण्याच्या रीती मात्र वेगवेगळ्या आहेत. पूर्वी कार्यालयात टेलिफोन कंपनीची जी जाडी लाइन यायची, जिच्यावर एका वेळी ३० संभाषणे चालत, तिला रेकॉर्डरची तार समांतर जोडली जात असे. नंतर कार्यालयातल्या नेटवर्क स्विचवरची, म्हणजे फोन आणि संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेटीवरची, सगळी वाहतूक हुबेहूब तिच्या दुसऱ्या एका पोर्टवर, म्हणजे तार खोचण्याच्या जागी, पाठवण्याची रीत आली; तिला पोर्ट मिररिंग म्हणतात. ती स्वस्त आहे, पण एक खोट आहे. त्या दुसऱ्या पोर्टवर गर्दी झाली, तर पुड्या गळतात आणि दोघांना एकमेकांचे बोलणे स्वच्छ ऐकू आलेले असूनही रेकॉर्डिंगमध्ये मात्र शब्द तुटलेले येतात. आज अनेक ठिकाणी कॉलच्या प्रवेशद्वारावर असलेले यंत्रच प्रत्येक संभाषणाची प्रत रेकॉर्डरकडे धाडते आणि सोबत हा कॉल कोणाचा, कोणाकडे गेला याची माहितीही देते. या पद्धतीचे सिपरेक नावाचे प्रमाणित तपशील २०१६ मध्ये निश्चित झाले. कर्मचारी घरी बसून काम करू लागल्यापासून तर तिच्याविना चालतच नाही, कारण त्यांचा आवाज कार्यालयाच्या स्विचवरून जाईलच असे नसते.

प्रश्न : ‘कृपया होल्डवर थांबा’ असे सांगून संगीत लावतात, त्या वेळी मी घरात यजमानांशी पैशाच्या गोष्टी बोलते. तेही रेकॉर्ड होते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होऊ शकते, आणि आपल्याकडे फारच थोड्या लोकांना हे ठाऊक आहे. आपण संगीत ऐकत असतो म्हणून पलीकडे कोणी नाही असा आपला समज होतो, परंतु होल्ड म्हणजे कॉल तोडणे नव्हे. आपल्या फोनचा माइक चालूच असतो आणि त्याच्या पुड्या त्या कंपनीच्या दारापर्यंत जातच असतात.

आता रेकॉर्डर कुठे बसवला आहे यावर सारे अवलंबून असते. तो कर्मचाऱ्याच्या टेबलावरच्या फोनपाशी प्रत घेत असेल, तर होल्डच्या काळात त्या फोनकडे आपला आवाज जातच नाही, त्यामुळे रेकॉर्डही होत नाही. तो बाहेरून येणाऱ्या लाइनवर प्रत घेत असेल, तर आपल्या घरातले संभाषण, प्रेशर कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारच्या खोलीतला दूरदर्शन संचही त्या फाइलमध्ये उतरतो. शिवाय चांगल्या यंत्रणांमध्ये ग्राहकाचा आवाज एका पट्ट्यावर आणि कर्मचाऱ्याचा दुसऱ्या पट्ट्यावर, म्हणजे स्टिरिओत, ठेवतात. कर्मचाऱ्याच्या पट्ट्यावर संगीत वाजत असेल, तरी ग्राहकाचा पट्टा वेगळा काढून ऐकता येतो. गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात बसून मी अशी एक फाइल ऐकली आहे. एक गृहस्थ होल्डवर असताना आपल्या मुलाला एटीएमचा पिन सांगत होते. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता, पण तो पिन त्या सर्व्हरवर राहिला होता.

म्हणून होल्डच्या काळात आपल्या फोनवरचे म्यूटचे बटण दाबावे. कंपन्यांनीही होल्डचा ग्राहकाकडचा भाग साठवू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यातून कोणाचीच गुणवत्ता सुधारत नाही.

प्रश्न : मी दलालाला फोनवरून शेअर विकण्याची सूचना दिली नव्हती, तरी विक्री झाली. तक्रार केल्यावर प्रथम ‘तुमच्या नंबरवरून कॉलच सापडत नाही’ असे उत्तर मिळाले. पुढे जी फाइल आली ती ५२ सेकंदांची आहे आणि तिच्यावर पहाटे ४ वाजून ५ मिनिटे अशी वेळ आहे. त्या दिवशी मी सकाळी बाजार उघडल्यावर पाच-सहा मिनिटे बोललो होतो. ही फाइल बनावट समजावी का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : एवढ्यावरून बनावट म्हणता येणार नाही, पण ती अपुरी आहे, असे मात्र खात्रीने म्हणता येईल. आपल्या पत्रातल्या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. आवाज एका ठिकाणी साठवला जातो आणि त्याच्याविषयीची नोंद दुसऱ्या ठिकाणी. या नोंदीला मेटाडेटा म्हणतात. कॉलचा स्वतंत्र क्रमांक, सुरू झाल्याची व संपल्याची वेळ, कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरवर, कोणाच्या लॉगिनवर, कितीदा होल्ड, कोणाकडे ट्रान्सफर असे तिचे रकाने असतात. आवाजाच्या फाइलला स्वतःची ओळख नसते. तिला शोधायचे ते या नोंदवहीतूनच. एका कार्यालयात, ज्याचे नाव मी घेणार नाही, या नोंदींची डिस्क बंद पडली आणि तिची प्रत कोणी ठेवलेली नव्हती. आवाजाच्या लाखो फाइली दुसऱ्या डिस्कवर सुखरूप होत्या, पण प्रत्येकीचे नाव म्हणजे नुसता लांबलचक आकडा. हवा असलेला एक कॉल शोधण्यासाठी दोन माणसे कानाला हेडफोन लावून अकरा दिवस बसली होती.

आता पहाटेच्या वेळेविषयी. पुष्कळ रेकॉर्डर वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहितात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. ४ वाजून ५ मिनिटांत साडेपाच तास मिळवले की सकाळचे ९ वाजून ३५ मिनिटे होतात, आणि शेअर बाजार सव्वानऊला उघडतो. वेळ आपल्या सांगण्याशी जुळते.

५२ सेकंदांचे कारण बहुधा ट्रान्सफर हे असावे. कॉल एका टेबलावरून दुसऱ्याकडे गेला की अनेक यंत्रणा नवा तुकडा सुरू करतात. पहिल्या मुलाने आपले नाव विचारून डीलरकडे, म्हणजे खरेदी-विक्रीच्या सूचना घेणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, कॉल दिला असेल, तर ५२ सेकंदांचा तुकडा त्याचा आणि उरलेली पाच मिनिटे डीलरच्या नावावर असतील. तेव्हा ‘रेकॉर्डिंग द्या’ असे न लिहिता ‘या कॉलचे सर्व तुकडे, त्यांच्या मेटाडेटासह द्या’ असे लेखी लिहावे. आणि नंबर सापडला नाही, याचे कारण कदाचित आपण घरातल्या दुसऱ्या फोनवरून बोलला असाल किंवा त्यांनी आपला नंबर पुढे ९१ किंवा शून्य न लावता शोधला असेल. शोध नंबराचा होतो, माणसाचा नाही. वेळ आणि डीलरचे एक्स्टेन्शन यांवरूनही शोधता येते, हे त्यांना सांगावे.

आपली बाजू कायद्यानेही भक्कम आहे. ग्राहकाने खरोखर सूचना दिली होती याचा पुरावा दलालाकडे असल्याशिवाय व्यवहार करू नये, असे शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०१७ च्या परिपत्रकात बजावले आणि फोनवरून सूचना घेणाऱ्यांना रेकॉर्डिंग सक्तीचे केले. वाद झालाच, तर सूचना मिळाल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी दलालावर आहे. लवादाकडे तक्रार नेण्याची जी मुदत, म्हणजे त्या परिपत्रकाच्या वेळी ३ वर्षे, तेवढा काळ हे पुरावे जपायचे आणि तक्रार दाखल असेल तर ती निकाली निघेपर्यंत पुसायचे नाहीत, असेही त्यात म्हटले होते. तेव्हा डीलरचा तुकडा मिळत नसेल, तर ती अडचण आपली नाही, त्यांची आहे.

प्रश्न : मोबाइल कंपनी आपले सगळे बोलणे साठवून ठेवते, असे गावात सर्रास बोलतात. खरे काय? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. मोबाइल कंपनी साठवते तो सीडीआर, म्हणजे कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या टॉवरवरून कॉल झाला त्याचा तपशील. त्यात एकही शब्द नसतो. हा तपशील पूर्वी एक वर्ष ठेवावा लागत असे. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून ही मुदत किमान दोन वर्षे केली. बोलणे ऐकण्यासाठी सरकारला कायद्याने ठरवलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो आणि त्या आदेशांवर आढावा समितीची नजर असावी, हे बंधन सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या १९९६ च्या प्रकरणात घातले. पोलिसांनी ‘सीडीआर काढला’ असे वर्तमानपत्रात येते, तेव्हा त्याचा अर्थ बोलणे ऐकले असा होत नाही.

प्रश्न : हॉटेलच्या आरक्षणासाठी मी कार्डाचा नंबर फोनची बटणे दाबून दिला, तोंडाने बोललो नाही. म्हणजे तो रेकॉर्डिंगमध्ये गेला नाही, असे समजावे ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तसे समजू नये. प्रत्येक बटणाचा आवाज दोन ठरावीक सुरांचा मिळून बनतो. ५ हा आकडा दाबला की ७७० आणि १,३३६ हर्ट्झचे दोन सूर एकदम वाजतात, १ दाबला की ६९७ आणि १,२०९ चे. आपल्या कानाला सगळे ‘टूं टूं’ सारखेच वाटतात, पण फाइलमधले हे सूर ओळखून सोळाच्या सोळा आकडे परत लिहून काढणे संगणकाला क्षणाचे काम आहे. आजच्या इंटरनेट-आधारित फोनमध्ये बटणांची माहिती पुष्कळदा आवाजात न मिसळता वेगळ्या पुड्यांतून जाते, परंतु मग ती वेगळी नोंदही साठवली गेलेली नाही ना, हे पाहावेच लागते.

कार्ड व्यवसायाच्या पीसीआय सुरक्षा मानकाप्रमाणे कार्डाच्या मागचा तीन अंकी सीव्हीव्ही व्यवहार मंजूर झाल्यावर साठवताच येत नाही, कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करूनही नाही. रेकॉर्डिंगलाही हे लागू आहे. त्यासाठी काही कंपन्या तेवढ्यापुरते रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करतात. पण थांबवण्याचे काम कर्मचाऱ्यावर सोपवले, तर घाईत ते विसरते. ग्राहकाने बटणे दाबताच त्यांचे सूर वाटेतच सपाट करून टाकणारी व्यवस्था अधिक विश्वासाची. आपण मात्र समोरच्याला एवढेच विचारावे : “मी आकडे देताना रेकॉर्डिंग थांबते का?” उत्तर देताना समोरचा चाचरला, तर पैसे भरण्याची लिंक मागावी. ओटीपी तर कोणालाच, कोणत्याही कॉलवर सांगायचा नाही.

प्रश्न : आमच्या कर्जवसुलीच्या कार्यालयात ५० मुले फोनवर काम करतात. रेकॉर्डिंग ठेवण्यासाठी किती मोठी डिस्क लागेल आणि ते किती काळ ठेवावे? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : हिशेब सोपा आहे. दोन्ही बाजूंचा आवाज मूळ दर्जात ठेवला, तर सेकंदाला १६,००० बाइट, म्हणजे तासाला साधारण ५८ एमबी होतात. प्रत्येक मुलगा दिवसाला सहा तास बोलला, तर ५० जणांचे ३०० तास, म्हणजे सुमारे १७ जीबी. महिन्याचे २६ दिवस धरले, तर वर्षाला साडेपाच टीबीच्या आसपास. हाच आवाज दोन्ही बाजू एकत्र मिसळून जी.७२९ पद्धतीने दाबला, तर जागा सोळा पटींनी कमी लागते. पण मिसळलेला आवाज पुन्हा वेगळा करता येत नाही. दोघे एकाच वेळी बोलू लागले, आणि वसुलीच्या कॉलवर ते नेहमी घडते, तर धमकी कोणी दिली याचा निवाडा करणे कठीण होते. डिस्क आता स्वस्त झाल्या आहेत. आवाज वेगळ्या पट्ट्यांवरच ठेवावा, असा माझा आग्रह आहे. आणि नोंदवहीची प्रत रोज दुसऱ्या जागी ठेवावी. तिला फारच थोडी जागा लागते.

वसुली एजंटांचे कॉल रेकॉर्ड व्हावेत, हे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना सांगितले आहे, आणि सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ च्या नंतर कर्जदाराला वसुलीसाठी फोन करू नये, ही सूचना ऑगस्ट २०२२ ची. आपल्या रेकॉर्डरच्या घड्याळावरूनच उद्या हा नियम पाळला की नाही ते ठरणार आहे, म्हणून ते घड्याळ प्रमाणवेळेशी जुळते ठेवावे. किती काळ, याचे उत्तर आपल्या बँकेशी झालेल्या करारात पाहावे. मात्र ‘असू द्या, कधी लागेल’ म्हणून वर्षानुवर्षे साठवणे आता परवडणारे नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात काम संपल्यावर डेटा पुसण्याचे बंधन आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमतीसाठीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्यायही हा कायदा नागरिकाला देतो. आपले कर्जदार मराठवाड्यातले असतील, तर ‘कॉल रेकॉर्ड होत आहे’ हे त्यांना मराठीत सांगण्यापासून सुरुवात करावी.

प्रश्न : बिल्डरने फोनवर दिलेला शब्द मी माझ्या मोबाइलवर रेकॉर्ड केला आहे. वकिलांना व्हॉट्सअॅपवर पाठवला, तर कोर्टात चालेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : संभाषणातल्या एका पक्षाच्या संमतीने केलेले रेकॉर्डिंग पुराव्यात येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ च्या निकालात सांगितले. तो खटला मुंबईच्या तत्कालीन कोरोनरवरचा, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावरचा, होता आणि रेकॉर्डिंग टेपवरचे होते. आवाज कोणाचा हे ओळखता आले पाहिजे, संभाषण प्रकरणाशी संबंधित हवे आणि टेपमध्ये फेरफार झालेला नाही याची खात्री पटली पाहिजे, या त्यातल्या अटी आजही मोलाच्या आहेत.

फाइल आली की फेरफाराचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत दोन भागांचे प्रमाणपत्र लागते. एक भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात फाइलचा हॅश लिहायचा. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो. फाइलचे नाव बदलल्याने तो बदलत नाही, पण सुरुवातीचे दोन सेकंद कापले किंवा फाइल दुसऱ्या स्वरूपात बदलली, तर ठसा पूर्णपणे वेगळा येतो. म्हणून वकिलांना ऐकण्यापुरती प्रत पाठवायला हरकत नाही, परंतु ‘नको तो भाग’ कापू नये आणि आवाज मोठा करण्यासाठी कोणत्याही ॲपमधून काढू नये.

जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचे, प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. मात्र मूळ उपकरणच न्यायालयात आणले आणि त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन ते आपलेच असल्याचे सिद्ध केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही, असेही त्यात म्हटले. नव्या कायद्याखाली आपल्या प्रकरणात काय लागेल, ते आपले वकील ठरवतील. तोवर ज्या हँडसेटवर ते रेकॉर्डिंग झाले तो विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका आणि दुरुस्तीला दिल्यास ‘रीसेट करू नये’ असे पावतीवर लिहून घ्या.